बदलीचा निरोप

अनसूया शेलारच्या गच्चीवर पापड वाळत पडले, की ग्वाल्हेरात गोरखीच्या आसपासची माणसं ओळखायची, आज शाळेच्या मैदानावर हॉकीचा सामना आहे. महिना चैत्र असो की मार्गशीर्ष, ऊन असो की ढग, पापड पडायचेच. कधी उडदाचे, कधी तांदळाचे, आणि पीठ नसलं तर जुनेच, डब्यातून काढून पुन्हा मांडलेले. गच्चीवरून मैदान असं दिसायचं की जणू कोणी अंगणातच चटई अंथरली आहे. घरातल्या बाईनं खेळ बघायला गच्चीवर उभं राहणं लोकांच्या डोळ्यावर आलं असतं. पापडांची राखण करत बसली, तर कोण काय बोलणार? हातात कावळे हाकलायची काठी असायची आणि मैदानावर चेंडू गोलाकडे धावू लागला की कावळा नसला तरी ती काठी हवेत उठायची.

नवऱ्याला, म्हणजे जगदेवरावांना, हे सगळं ठाऊक होतं. बारा महिने ताटात पापड बघून त्यांनी एकदाच, वरणभात कालवता कालवता, शांतपणे विचारलं होतं, की या मोसमात अजून किती सामने उरलेत.

गंमत अशी, की जिच्यासाठी एवढे पापड लाटले जात, ती गोष्ट मैदानावर घडतच नव्हती. तिचा मुलगा बळवंत, पंधरा वर्षांचा, उंचीनं बापाच्या खांद्याच्या वर गेलेला, शाळेच्या संघात होता हे खरं. पण तो होता बदलीचा गोलकीपर. खरा गोलकीपर जयसिंह. जयसिंहला ताप आला, बोट मोडलं, तर बळवंतनं उभं राहायचं. आणि जयसिंहला ना कधी ताप यायचा, ना त्याची बोटं मोडायची. तेव्हा बळवंत दोन वर्षं गोलाच्या बाजूला एका पालथ्या बादलीवर बसून होता. पाणी द्यायचं, लिंबू चिरायचं, आणि सामना संपला की गोलकीपरचे पॅड घरी आणायचे. शाळेकडे पॅडची एकच जोडी होती. ती घासूनपुसून, खडूच्या पाण्यानं पांढरी करून, पुढच्या सामन्याला जयसिंहच्या पायाशी ठेवायची हेही बदलीच्याच माणसाचं काम.

गच्चीवरून अनसूयेला दिसायची ती मुलाची पाठ.

तो एकदा म्हणाला, "आई, तू बघतेस काय इतकं? मी तर बैठाच असतो."

"कसा बसतोस ते बघते," ती म्हणाली. "पोक काढून बसतोस. उद्या उभं राहायची पाळी आली तर कंबर धरेल."

"पाळी येणारच नाही ना. जयसिंह एकदम पक्का आहे."

"तरी नीट बस."

पुढच्या सामन्याला बळवंत बादलीवर ताठ बसला. तिनं वरून काठी हलवून पसंती कळवली.

*

शेलारांचे पणजोबा दख्खनेतून घोड्यावर बसून आले आणि इथलेच झाले. आजोबा संस्थानच्या पलटणीत होते. जगदेवरावांच्या हाती तलवारीऐवजी टाक आला. ते लष्करी कोठारात कारकून झाले, किती खोगिरं आली आणि किती गेली ते लिहू लागले. मग संस्थान विलीन झालं, फौज देशाच्या फौजेत गेली, कोठाराला कुलूप लागलं आणि जगदेवरावांना मध्यभारत सरकारच्या एका कचेरीत टेबल मिळालं. त्या टेबलाला जरा कुठे ओळख पटत होती, तर आता मध्यभारतच एका मोठ्या नव्या राज्यात मिसळून जाणार होता. राजधानी भोपाळला. म्हणजे कचेऱ्या भोपाळला. म्हणजे माणसंही भोपाळला.

छप्पनच्या त्या पावसाळ्यापासून ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एकच शब्द कानावर पडायचा. बदली. नई सडकेवर दुकानदारांनी चपला आत ढकलून दारात ट्रंका आणि सुंभाची भेंडोळी मांडली होती. भाजीवाली तराजू उचलण्याआधी विचारायची, "बाई, बदली हो गई क्या? हो गई हो तो आलू कम ले जाओ." शेजारच्या उषाताई दसऱ्याचं सोनं वाटायला निघाल्या, तर चार घरांना कुलूप. निम्मी आपट्याची पानं घेऊन परत आल्या आणि ती सगळी त्यांनी अनसूयेच्याच हातावर ओतली.

"घे बाई तूच. पुढच्या वर्षी तू तरी असशील का कोण जाणे."

अनसूयेला भोपाळचं भय नव्हतं. तिचं म्हणणं, चूल तिथेही पेटेल. तिच्या मनात एकच गोष्ट अडकून बसली होती. इथून निघायच्या आधी एकदा, फक्त एकदा, बळवंत बादलीवरून उठून गोलात उभा राहिलेला बघायचा. नव्या गावी नवी शाळा, तिथे कोण विचारणार बदलीच्या गोलकीपरला? दोन वर्षं पॅड पांढरे करून पोरगं स्वतः कोरं राहणार.

म्हणून ती रोज देवासमोर मागणं मागायची, आणि ते फार जपून मागावं लागायचं. बळवंत उभा राहायचा तर जयसिंह आडवा व्हायला हवा, आणि दुसऱ्याच्या पोराला ताप मागणारी ती बाई नव्हती. तेव्हा ती देवाला समजावून सांगायची, "जयसिंहला काही होऊ देऊ नकोस. तो सुखरूप राहू दे. नुसता कुठेतरी जाऊ दे. मामाच्या लग्नाला वगैरे."

*

दसरा झाला, शाळेला दिवाळीपर्यंत सुटी लागली आणि कचेरीनं जगदेवरावांना कागदपत्रांच्या पेट्यांबरोबर आठवड्याभरासाठी भोपाळला धाडलं. निघताना ते सांगून गेले, "माझा बदलीचा हुकूम कधी निघेल नेम नाही. निघाला तर साहेब घरी निरोप पाठवतील. तू तयार राहा. मी तिथे खोली बघून ठेवतो."

चौथ्या दिवशी सकाळी अनसूया उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. गल्लीच्या तोंडाशी दौलतसिंहाचा तांगा आला. दौलतसिंह अख्ख्या गोरखीचा निरोप्या. त्याच्या घोडीला उभं राहायची सवय नव्हती, त्यामुळे तो निरोप चालत्या तांग्यातूनच टाकायचा, जसा येईल तसा, आखडून. आणि पाटलोण घातलेला प्रत्येक माणूस त्याच्या लेखी 'साहब'.

"बाई साहब, साहब ने कहलवाया है, बदली हो गई. परसों दोपहर को तैयार रहियो. तांगा मैं ले आऊँगा."

"परवा? इतक्या लवकर?" अनसूया उठेपर्यंत तांगा वळून गेलाही. सूप पायाशी सांडलं. तिनं तांदूळ गोळा केले, पुन्हा निवडले, आणि मग लक्षात आलं की आपण खडेच सुपात ठेवतो आहोत.

बळवंतला सांगितलं तेव्हा तो गच्चीवर पॅडना खडूचं पाणी लावत होता. तो फक्त "अच्छा" म्हणाला. ब्रश पाण्यात बुडवला, पुन्हा काढला.

"परवाच तर मुरारला मॅच आहे आई."

"तू खेळणार होतास का त्यात?" असं ती म्हणून गेली आणि म्हणताक्षणीच तिला ते परत घ्यावंसं वाटलं.

"नाही. जयसिंह आहे ना." तो पॅडकडेच बघत राहिला. "पण पॅड मलाच न्यायचे असतात. ठीक आहे, स्टेशनला जाता जाता शाळेच्या चौकीदाराकडे टाकून जाऊ. मी आता ग्राऊंडवर नाही जात. सगळे विचारत बसतील."

त्यानं दोन्ही पॅड वाळवले, जुन्या धोतरात नीट गुंडाळले, आणि माजघराच्या कोपऱ्यात उभे करून ठेवले. दोन दिवस तो घराबाहेर पडला नाही. आईला दोऱ्या ताणून दे, वळकटी बांधून दे, माळ्यावरची भांडी काढून दे. न बोलता सगळं केलं. अनसूयेला त्याचं ते शहाणपण बघवेना. ओरडला असता, भांडला असता तर तिनंही चार शब्द ऐकवले असते आणि दोघांना बरं वाटलं असतं.

उषाताईंनी मात्र पदर खोचून घराचा ताबा घेतला. त्यांनी दाल बाजारातून चहाचं रिकामं खोकं मिळवलं, पत्र्याच्या कडांचं, चांगलं दणकट. त्यात अनसूयेची लोणच्याची बरणी घालायची होती. ही बरणी म्हणजे शेलारांच्या घरातली मानाची वस्तू. चिनी मातीची, कंबरेला गोल, वर्षाचं आंब्याचं लोणचं पोटात घेऊन बसलेली. उषाताई म्हणाल्या, तू बाकीचं बघ, बरणी माझ्यावर सोड. बराच वेळ आतून ठोकाठोक ऐकू आली. मग त्या घाम पुसत बाहेर आल्या.

"आता हे खोकं किल्ल्यावरून खाली टाकलंस तरी बरणीला ओरखडा यायचा नाही. खिळे पण असे मारलेत, की भोपाळचा सुतारच काढेल."

*

ठरल्या दिवशी दुपारी गल्ली दाराशी जमली. कोणी बेसनाचे लाडू आणले, कोणी प्रवासात खायला दशम्या. उषाताईंनी अनसूयेची ओटी भरली, नारळ पदरात घातला, तळहातावर दही ठेवलं आणि रडायचं नाही असं बजावून स्वतःच डोळ्याला पदर लावला. ओट्यावर दोन ट्रंका, तीन वळकट्या, घागर, पाटा, वरवंटा आणि ते खोकं. बळवंत इस्त्रीचा सदरा घालून वळकटीवर बसला होता. पोक काढून.

दौलतसिंहाचा तांगा आला आणि या वेळी त्यानं घोडीला खरोखरच उभं केलं. तो सामानाकडे बघत राहिला. मग माणसांकडे. मग पुन्हा पाट्याकडे.

"बाई साहब, लड़का हॉकी खेलने जा रहा है कि घरजमाई बनने?"

कोणी हसलं नाही, कारण कोणाला काही कळलंच नाही. अनसूयेनं तळहातावरचं दही गिळलं. "हॉकी कसली? तूच तर सांगून गेलास. साहेबांनी निरोप दिला म्हणून. बदली झाली म्हणून."

"हाँ तो हुई ना बदली."

"कोणाची?"

आता दौलतसिंहानं निरोप सोडवून सांगितला. साहब म्हणजे कप्तान साहब, शाळेचे खेळाचे मास्तर रघुनाथराव, जे कधीकाळी पलटणीत कप्तान होते. बदली झाली ती जयसिंहच्या वडिलांची, इंदूरला. घर आवरून सगळे कालच गेले. गोल रिकामा. म्हणून कप्तान साहब म्हणाले होते, बदलीवाल्या पोराला सांग, परवा मुरारला तोच उभा राहील, त्याला तांग्यात घालून आण.

"उधर भी बदली, इधर भी बदली," दौलतसिंह म्हणाला. "मैंने सोचा दो बार क्या बोलना. एक में ही निपटा दिया."

देवानं मागणं इतकं शब्दशः ऐकलेलं बघून अनसूयेला क्षणभर भीतीच वाटली. मामाचं लग्न नाही, पण सुखरूप, आणि कुठेतरी.

"म्हणजे मी ओटी उगीच भरली?" उषाताईंनी विचारलं.

बळवंत वळकटीवरून उठला होता. उंच, ताठ. "मैं? गोल में?" आणि मग एकदम मराठीत, लहानपणी घाबरला की बोलायचा त्या आवाजात, "आई, पॅड कुठे आहेत?"

कोपऱ्यात नव्हते. ट्रंकांच्या मागे नव्हते. बळवंत घरभर फिरून आला, रिकाम्या कोनाड्यांतसुद्धा हात घालून आला. दौलतसिंह बाहेरून सांगत होता, की मुरार काही शेजारी नाही, आणि घोडी काही मोटार नाही.

उषाताईंचा चेहरा हळूहळू बदलला. "पॅड म्हणजे कसे असतात रे? लांबट? पांढरे? गादीसारखे?"

"हो काकू."

"धोतरात गुंडाळलेले?"

"हो ना."

"अरे, मला वाटलं तुझ्या पाळण्यातल्या गाद्या. म्हटलं, किती जपून ठेवल्यात बाईनं. अशा मऊ, अशा भरीव. एक उजवीकडून आणि एक डावीकडून, बरणी कशी घट्ट बसली."

सगळ्यांनी खोक्याकडे पाहिलं. खिळे उन्हात चमकत होते. पक्कड शोधायला जावं तर पक्कड ट्रंकेच्या तळाशी, आणि ट्रंकेला सुंभाच्या सात गाठी. अनसूयेनं पदरातला नारळ सावरला आणि दौलतसिंहाला विचारलं, नाल काढायची पक्कड आहे ना तुझ्याकडे? होती, सीटखालच्या पेटीत.

"मग उचल खोकं. रस्त्यात उघडू."

"आणि तू?" उषाताई म्हणाल्या. "तू कुठे निघालीस? बाईमाणूस ग्राऊंडवर?"

अनसूया एक पाय तांग्याच्या पायरीवर ठेवून थांबली. दोन वर्षं गच्चीवरून बघितलेली पाठ आज समोरून बघायची होती आणि मुरार काही गच्चीवरून दिसत नव्हतं.

"ओटी भरून घेतली आहे," ती म्हणाली. "आता घरात कशी शिरू? कुठेतरी जाऊनच यायला हवं."

उषाताईंनी घराला कडी घातली आणि ज्यानं बांधलं त्यानंच सोडावं असं म्हणून मागच्या सीटवर चढून बसल्या.

*

त्या दुपारी लष्करहून मुरारकडे जो तांगा गेला तसा रस्त्यानं पूर्वी पाहिला नव्हता. पुढे दौलतसिंह घोडीला बेटी म्हणून विनवतो आहे. मध्ये बळवंत खोक्याला मिठी मारून बसला आहे. अनसूया दोन्ही हातांनी पक्कड धरून खिळे उपटते आहे आणि उषाताई प्रत्येक खिळ्याला सांगतायत, की हा मीच मारला होता, छान बसलाय ना. स्टेशन आलं. भोपाळची गाडी जिथून निघते ते फाटक डावीकडून सरकत मागे गेलं. सकाळपासून अनसूया मनात तिथे पोचून रडून आली होती. आता तिला हसू फुटलं, आणि ते हातातल्या पकडीपर्यंत पोचलं, आणि शेवटचा खिळा सटकन निघाला.

झाकण उचललं तसा वास आला. मोहरी, हिंग, मेथी. बरणीला ओरखडा नव्हता, उषाताईंनी खरंच शब्द पाळला होता. पण तोंडावरचं फडकं सुटलं होतं आणि उजव्या पॅडवर, बळवंतनं खडू लावून कापसासारख्या केलेल्या त्या पांढऱ्यावर, लाल पिवळं तेल गुडघ्यापासून घोट्यापर्यंत उतरलं होतं.

अनसूया पदरानं पुसायला लागली. डाग पसरला.

"रहने दे आई," बळवंत म्हणाला. तो हसत होता. दोन दिवसांत पहिल्यांदा. "अब जो है सो है."

मैदानावर रघुनाथराव घड्याळ हातात धरून उभे होते. बोलायला त्यांना वेळच मिळाला नाही. बळवंत धावत गेला, पट्टे आवळले, गोलात उभा राहिला. अनसूया तांग्यातच बसली, मैदानाच्या कडेला, मांडीवर नारळ. ही वेळ तिनं इतक्यांदा मनात पाहिली होती, की खरी समोर आली तेव्हा तिला आधी दिसली ती त्याच्या सदऱ्याची मोडलेली कॉलर. बळवंतनं तिच्याकडे पाहिलं. अनसूया कॉलर नीट कर अशी खूण करायला गेली. तो कॉलरकडे बघायला गेला. आणि तेवढ्यात मुरारचा आघाडीचा पोरगा चेंडू घेऊन आला आणि त्याच्या डावीकडून गोलात मारून गेला.

मुरारवाल्यांनी एकच गलका केला. अनसूयेला वाटलं तांग्यानं पोटात घ्यावं. तिची नजर लागली, दुसरं काय. ती उठली आणि सीटवर उलटी फिरून बसली, मैदानाकडे पाठ, तोंड बाभळीकडे.

"अगं, आता तर बघ," उषाताई म्हणाल्या.

"मी नाही बघत. तुम्ही बघा आणि सांगा."

उषाताईंना हॉकीतलं इतकंच कळत होतं, की सगळे एकाच चेंडूसाठी भांडतायत आणि मास्तर असून कोणी सोडवत नाही. शेवटी दौलतसिंहानं ते काम घेतलं. त्याला हॉकी कळत नव्हती पण दौड कळत होती. "दाहिने से छूटा है... बढ़िया चाल है... अपना वाला पिछड़ गया... नहीं, लगाम खींची, पकड़ लिया... उधर वाला अड़ गया, अड़ियल है..." अनसूया बाभळीच्या काट्यांकडे बघत मुलाचा पहिला सामना असा घोड्यांच्या भाषेत ऐकत राहिली. एकदा दौलतसिंह नुसता "वाह" म्हणाला. काय झालं, काय झालं? बळवंतनं अडवला. कशानं? टाँग से. अजून एकदा अडवला. मग आपल्या पोरांनी एक गोल फेडला तेव्हा उषाताईंनी अनसूयेच्या पाठीत असा धपाटा घातला, की तिला वाटलं गोल तिथेच झाला.

मध्यांतरात नारळ फुटला. प्रवासाचा नारळ असा फोडतात का, असा प्रश्न उषाताईंना पडला होता, पण रघुनाथरावांनी तांग्याच्या चाकाच्या लोखंडी धावेवर तो आपटलासुद्धा. पोरांनी खोबरं खाल्लं, दशम्या खाल्ल्या आणि बरणी उघडीच होती म्हणून लोणचंही. मुरारचे दोघेचौघे वासानं आले. त्यांनाही दिलं. त्यातल्या एकानं, ज्यानं गोल मारला होता त्यानंच, बोटं चाटत बळवंतच्या पॅडकडे पाहिलं आणि विचारलं, "अचारवाले, यही लगाया है क्या?"

"हाँ," बळवंत म्हणाला. "तुम्हारे लिए ही लगाया है. पास तो आना."

शेवटची दोन मिनिटं उरली आणि मुरारला शॉर्ट कॉर्नर, म्हणजे गोलावर थेट फटक्याची संधी, मिळाली. दौलतसिंह बोलायचा थांबला. त्याची ही शांतता ऐकून अनसूयेला कळलं, की आता जे होईल त्याला घोड्यांत शब्द नाही. ती काही क्षण तशीच बसली. मग वळली. लागली नजर तर लागली. आपल्याच आईची नजर, किती लागणार?

फटका तिनं ऐकला आणि मग पाहिला. चेंडू खालून, सरपटत, उजव्या कोपऱ्याकडे. बळवंतचा पाय त्याच्या आधी तिथे होता. ठप्प असा ओला आवाज झाला आणि चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गवतात गेला. अनसूयेचा हात आपोआप वर उठला, पण त्यात काठी नव्हती. पक्कड होती.

पंचांनी चेंडू उचलला. पांढऱ्या चेंडूवर पिवळा डाग. त्यांनी तो बोटानं पुसला, नाकाशी नेला, बळवंतकडे पाहिलं, पॅडकडे पाहिलं आणि चेंडू धोतराला पुसून खेळ पुढे चालू केला. सामना बरोबरीत सुटला. निकालासाठी पुन्हा खेळायचं ठरलं, येत्या रविवारी, गोरखीला, शाळेच्या मैदानावर.

परतीच्या वाटेवर बळवंत एकच वाक्य तीनदा बोलला, "आई, तू बघितलंस ना?" आणि तिन्ही वेळा ती म्हणाली, "बघितलं." अर्धा सामना बाभळीकडे बघत होते हे सांगायची तिला काही घाई नव्हती.

*

जगदेवराव शनिवारी परतले. दारातूनच त्यांना घर दोऱ्यांत बांधलेलं दिसलं. भिंतीवर घड्याळ नव्हतं, चुलीवर भांडं नव्हतं आणि मुलगा माजघरात बसून एका पॅडवर सोड्याचं पाणी घासत होता. त्यांनी टोपी काढली. काढून ठेवायला खुंटीवर जागा होती, तेवढीच काय ती घरात मोकळी.

अनसूयेनं सगळं पहिल्यापासून सांगितलं, दौलतसिंहाच्या आवाजासकट. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. त्यांच्याजवळचं सांगणं छोटं होतं. निम्मी कचेरी भोपाळला जाणार, निम्मी ग्वाल्हेरलाच राहणार, आणि त्यांचं टेबल राहणाऱ्या निम्म्यात पडलं होतं. निदान आतापुरतं. पुढचं पुढे.

"मग सोडू का गाठी?" तिनं विचारलं.

"उद्या सोड. उद्या सामना आहे ना? त्यानंतर." त्यांची नजर रिकाम्या खोक्याकडे गेली. "आणि लोणचं?"

"संपलं."

"सगळं?"

"मुरारवाल्यांनी खाल्लं, आपल्या पोरांनी खाल्लं. उरलं ते पॅडनं."

जगदेवरावांनी मान डोलावली. रविवारी दुपारी जेवण झालं आणि ती पिठाचा डबा घ्यायला उठली, पापडांचा. ते म्हणाले, राहू दे. मग त्यांनी ते चहाचं रिकामं खोकं उचललं, धापा टाकत जिना चढले आणि गच्चीच्या कठड्याशी, जिथून मैदान सगळ्यात चांगलं दिसतं तिथे, उपडं मांडलं. हातानं धूळ झटकली.

"बस यावर. नुसती बस. मला पापडांचा आता खरंच कंटाळा आला आहे."

आणि ती बसली. उजेडात, सगळ्या गल्लीला दिसेल अशी, हातात काही नसलेली. जगदेवराव कठड्याला टेकून उभे राहिले. खाली बळवंत गोलात उभा होता, एका पायावर पांढराशुभ्र, दुसऱ्यावर फिकट पिवळा, आणि ताठ. तिथली बादली आज रिकामी होती. आता बदलीचा गोलकीपर शोधायला हवा, असं रघुनाथराव कालच म्हणाले होते.

शिट्टी व्हायच्या जरा आधी गल्लीत टापा वाजल्या. दौलतसिंहानं चालत्या तांग्यातून मान वर केली.

"बाई साहब, साहब ने कहलवाया है..."

"थांब," अनसूया खोक्यावरून ओणवून म्हणाली. "आधी घोडी उभी कर. कुठल्या साहेबांनी? आणि कोणाची बदली?"

दौलतसिंहानं लगाम खेचला. घोडी, नवल म्हणजे, थांबली.

"कप्तान साहब ने. बदली किसी की नहीं, बाई साहब. पूछ रहे हैं, मुरार वाले आ गये हैं और अचार माँग रहे हैं. है क्या?"